जादा पाटा

लेंगऱ्याच्या माळावर सपाट जागा बघून गाडी लावली,
पुढच्या चाकांना दोन धोंडे,
चेसीखाली बाभळीचा ओंडका,
कारण नुसत्या जॅकवर विश्वास टाकू नये असं
ज्यानं शिकवलं तो सेलमला आहे,
गलाईच्या दुकानात,
सोनारांनी झाडून दिलेल्या धुळीतलं सोनं वितळवत.

मी आडवी झाले.
पाठीखाली कोंबडीखाद्याचं रिकामं पोतं,
त्यात राहिलेला मक्याचा एक दाणा
मणक्याला टोचत होता. टोचू दिला.

छोटा हत्ती म्हणतात हिला सगळे.
खालून पाहिलं तर हत्तीबित्ती काही नाही.
चिखल, वंगण,
आणि तारेनं बांधलेला सायलेन्सर.
तार माझीच, गेल्या दिवाळीतली,
आकाशकंदिलाची.

हा जादा पाटा त्यानंच चढवला,
दोन्ही बाजूंना एकेक, जायच्या आधल्या महिन्यात.
"आता वीस पोती टाक, बसायची न्हाई."
आणि नाही बसली.
पण पोती फक्त जाताना असतात.
येताना मी अंडी आणते.

ओढ्याच्या पुलापासून विट्याच्या वेशीपर्यंत एकवीस खड्डे.
जिकरिया बागवान ट्रे उजेडाला धरतो,
अंगठ्यानं तडे मोजतो, बोलत काही नाही,
वहीत लिहितो: सदतीस.
पुढच्या खेपेला: एक्केचाळीस.
फुटकी अंडी माझी मला परत.
आठवडाभर घरात अंड्याचंच कालवण.
शेवटी थोरल्यानं ताट सरकवलं,
"आई, आज पिठलं कर."

फोनवर म्हणाले, पाटा काढते.
"काढू नगं. टायरची हवा कमी कर."
हवा कमी केली.
टायर कडेनं झिजले, अंडी फुटायची फुटलीच.

तर काल रात्री नटांवर डिझेल सोडून ठेवलं.
सकाळी पाना लावला, पान्याच्या दांड्यावर
नळाचा जुना पाईप चढवला, पाईपवर पाय दिला,
आणि कट्टकन आवाज.
वाटलं, तुटला यू-बोल्ट.
सुटला होता.
दोन्ही आवाज सारखेच असतात,
हे कुणी आधी सांगत नाही.

पाटा निघाला तसे उरलेले जरा सैलावले,
पंगत उठल्यावर सतरंजी सैलावते तसे.
आखूड सेंटर बोल्ट घातला,
यू-बोल्ट कोपऱ्याकोपऱ्यानं आवळले,
मग तेच सगळं दुसऱ्या बाजूला,
आणि दुसऱ्या बाजूला ऊन आलं होतं.

दिलावर शिकलगार पाटा वाजवून बघत म्हणाला,
"मामी, असं पोलाद आता येत न्हाई.
दोन कोयतं हुतील, वर एक विळी."
एक दिला त्याला.
दुसरा दाराआड उभा करून ठेवला.
उद्या पोती वाढली तर कुठं हिंडू?

आज तीनशे ट्रे.
खड्डे एकवीसच, मोजले.
गाडी प्रत्येकात उतरली आणि वर आली,
मधे आदळली नाही.
बागवानानं अंगठा फिरवला, वहीत लिहिलं: नऊ.
मान वर करून एकदा गाडीकडं बघितलं,
एकदा माझ्या काळ्या नखांकडं.

रात्री फोन.
त्याच्या मागं भट्टीचा पंखा घोंगावत होता.
"काढलास म्हणं."
"कुणी सांगितलं?"
"थोरल्यानं." मग बराच वेळ पंखाच.
"मागनं आवाज येतोय का?"
"येतोय."
"कसला?"
"ट्रे एकमेकांना घासतात त्याचा. आधी ऐकूच यायचा न्हाई."
पुन्हा पंखा.
"पन्नास किलोमीटरनं नट परत आवळायचं असतंय.
आवळलंस?"

बॅटरी घेऊन अंगणात गेले,
काच पुसून मीटर वाचला.
अठ्ठेचाळीस झाले होते.